अठरा ओळींची विहीर

गेम बॉयच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके होते. चित्रं त्यावर सुट्या ठिपक्यांनी काढली जात नसत, तर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी शेजारी शेजारी बसवून मांडली जात. १४४ ला आठाने भागलं की १८ येतात. निन्टेन्डोने १९८९ साली आपल्या या छोट्या यंत्रासाठी टेट्रिस तयार केला, तेव्हा ठोकळे पडण्याची विहीर दहा घरं रुंद आणि अठरा घरं उंच झाली ती या भागाकारामुळे. मॉस्कोत जन्मलेल्या मूळ खेळात उंची वीस होती. गेम बॉयमध्ये वरच्या दोन ओळींना जागाच उरली नाही.

दोन ओळी म्हणजे किरकोळ बाब वाटेल. पण टेट्रिसमध्ये वरची जागा म्हणजे चूक निस्तरायला मिळणारा वेळ. तीच कमी झाल्यावर खेळ बदलतो. गेम बॉयच्या टेट्रिसचे नियम एकेक करून तपासले, की जवळपास प्रत्येक नियमामागे अशी एखादी अडचण सापडते: लहान पडदा, रंग नाहीत, मोजकी बटणं, बत्तीस किलोबाइटची काडतूस. या अडचणींतून एक घट्ट, स्वतःच्या तोलाचा खेळ उभा राहिला आणि त्याच्या साडेतीन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याची कथा बहुधा करारमदारांच्या अंगाने सांगितली जाते. ती रंजक आहेच, पण खरी कारागिरी ठोकळा कसा पडतो, कसा वळतो आणि कधी घट्ट बसतो, यात आहे.

मूळ कल्पना अलेक्सेई पाजितनोव यांची. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मॉस्कोतल्या संगणन केंद्रात ते संशोधक होते. त्यांना कोड्यांचा नाद होता आणि पाच चौरस जोडून होणाऱ्या बारा आकारांचं, म्हणजे पेन्टोमिनोंचं कोडं त्यांच्या विशेष आवडीचं. हे आकार डबीत नीट बसवण्याचा खेळ संगणकावर आणावा, असं १९८४ साली त्यांच्या मनात आलं. पाचाऐवजी चार चौरस घेतले तर आकार सातच होतात, आणि सात आकार माणसाच्या डोक्यात सहज मावतात. त्यांच्यापुढे होता तो इलेक्ट्रॉनिका ६० हा संगणक. त्याला चित्रं काढता येत नसत, फक्त अक्षरं उमटत. म्हणून प्रत्येक चौरस दोन चौकोनी कंसांनी दाखवला गेला.

पहिल्या खटपटीत एक पेच उभा राहिला. ठोकळे पडत गेले आणि काही सेकंदांत विहीर भरून खेळ संपला. त्यावर पाजितनोव यांना सुचलेला उपाय हाच पुढे या खेळाचा प्राण ठरला: जी आडवी ओळ पूर्ण भरेल, ती नाहीशी करायची. आता नीट रचलेलं दिसेनासं होऊ लागलं आणि डोळ्यांसमोर साचत राहिल्या त्या फक्त चुका. वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या मुलाने पाजितनोव आणि दिमित्री पावलोव्हस्की यांच्याबरोबर काम करून हा खेळ आयबीएम पीसीवर आणला, त्याला रंग दिले, आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत तो मॉस्कोभर पसरला.

तिथून तो पश्चिमेत कसा गेला, हक्क कोणाचे यावरून लंडन, टोकियो आणि अमेरिकेतल्या कंपन्या कशा भांडल्या, हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय. इथे एवढंच पुरे की जपानमध्ये स्थायिक झालेले डच वंशाचे हेन्क रॉजर्स फेब्रुवारी १९८९ मध्ये पर्यटकाच्या व्हिसावर मॉस्कोत उतरले, सॉफ्टवेअरची निर्यात पाहणाऱ्या एलोर्ग या सरकारी संस्थेच्या दारात आगंतुकासारखे उभे राहिले आणि हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठीचे हक्क घेऊन परतले. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना त्यांनी पटवलं की गेम बॉयच्या खोक्यात मारिओ दिला तर तो लहान मुलांपुरता राहील, टेट्रिस दिला तर तो सगळ्यांचा होईल. अमेरिकेत ३१ जुलै १९८९ रोजी गेम बॉय बाजारात आला तो टेट्रिसच्या काडतुशीसकट.

गेम बॉय घडवला गुन्पेई योकोई यांच्या विभागाने. नव्यातलं नवं तंत्र घेण्यापेक्षा जुनं, मुरलेलं आणि म्हणून स्वस्त झालेलं तंत्र वेगळ्या कामाला लावावं, असं योकोई मानत. त्यामुळे पडदा रंगीत नव्हता. हिरवट पार्श्वभूमीवर चार छटा, मागून उजेड नाही, आणि वेगाने हलणाऱ्या चित्रामागे अस्पष्ट सावली रेंगाळे. त्याच काळात आलेल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गिअर या रंगीत यंत्रांना सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याहून कितीतरी जास्त वेळ चाले. मारामारीच्या किंवा धावाधावीच्या खेळांना हा पडदा जाचे. टेट्रिसला मात्र तो जणू मापून बेतला होता: एका वेळी एकच ठोकळा हलतो, बाकी सारं स्थिर. रंगांनी ठोकळे ओळखता येत नाहीत म्हणून प्रत्येक आकाराला वेगळी नक्षी दिली गेली. कुठे भरीव, कुठे पोकळ, कुठे आत ठिपका. पडद्याच्या वीस आडव्या चौकटींतल्या दहा विहिरीला, उरलेल्या भिंतींना आणि उजवीकडच्या पट्टीला, जिथे स्कोअर, लेव्हल, ओळींची संख्या आणि पुढचा ठोकळा दिसतो.

आता हाताच्या कामाकडे वळू, कारण खेळाची गोडी तिथे ठरते. निन्टेन्डोच्या आधी, १९८८ च्या अखेरीस, रॉजर्स यांच्या बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर या कंपनीने फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर टेट्रिस काढला होता. त्यात खालची दिशा दाबली की ठोकळा वळे आणि ए बटण दाबलं की तो धाडकन तळाला जाई. बोटांना हे उलटं वाटतं. गेम बॉयवर हे सुधारलं गेलं. उजव्या अंगठ्याखालची दोन बटणं ठोकळा दोन दिशांना वळवतात, डाव्या अंगठ्याखालची फुली त्याला आडवा सरकवते, आणि खाली दाबलं तर तो लवकर उतरतो. एका झटक्यात तळाला टाकायची सोय काढून टाकली. त्यामुळे ठोकळा शेवटपर्यंत खेळणाऱ्याच्या ताब्यात राहतो आणि उतरता उतरता एखाद्या कपारीत सरकवता येतो.

वळण्याचे नियम कडक आहेत. एल, जे आणि टी या अक्षरांसारख्या आकारांच्या चार अवस्था. काठी, एस आणि झेड यांच्या दोनच. चौकोन वळत नाही. वळायला लागणाऱ्या घरांपैकी एकही भरलेलं असेल, किंवा मध्ये भिंत येत असेल, तर बटण कितीही दाबलं तरी ठोकळा ढिम्म हलत नाही. नंतरच्या टेट्रिसमध्ये अशा वेळी ठोकळा आपसूक एक घर बाजूला होऊन वळतो. गेम बॉयवर ती मुभा नाही. भिंतीला खेटून उभी केलेली काठी तिथेच आडवी करता येत नाही. आधी सरकवा, मग वळवा. यामुळे क्रम महत्त्वाचा होतो. अनुभवी खेळाडू ठोकळा वर दिसताक्षणी वळवून घेतो आणि मगच बाजूला नेतो.

ठोकळा घट्ट कधी बसतो, यातही बारकावा आहे. तळ लागला म्हणून तो लगेच जखडत नाही. पुढचं घर उतरायची वेळ येते आणि खाली जागा सापडत नाही, तेव्हा तो बसतो. तोपर्यंत त्याला सरकवता, वळवता येतं. शून्य लेव्हलला एक घर उतरायला ५३ फ्रेम लागतात, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. एवढ्या अवधीत ठोकळा एखाद्या सज्जाखालच्या पोकळीत आरामात ढकलता येतो. वेग वाढत जातो तशी ही सवलत आक्रसत जाते. पाचव्या लेव्हलला ३३ फ्रेम, नवव्याला ११, आणि विसाव्याला अवघ्या ३.

हे ३ फ्रेमचं गणित लक्षवेधी आहे. खाली दाबून ठोकळा उतरवला तर तो याच वेगाने येतो. म्हणजे विसाव्या लेव्हलला पोचलेला खेळाडू कायम खाली दाबून धरल्यासारखा खेळत असतो. त्याहून वर वेग जात नाही. तिथे यंत्राने हद्द आखली आहे. निन्टेन्डोच्या घरगुती एनईएस यंत्रावरच्या टेट्रिसमध्ये २९ व्या लेव्हलला ठोकळा दर फ्रेमला एक घर उतरतो आणि कित्येक वर्षं तीच माणसाची मर्यादा मानली गेली. गेम बॉयची हद्द त्यापेक्षा सौम्य आहे, पण तिथे आडवी अडचण उभी राहते.

ती अडचण म्हणजे फुली दाबून धरल्यावर ठोकळा किती चपळाईने सरकतो. पहिलं घर लगेच मिळतं. मग यंत्र साधारण २३ फ्रेम थांबतं आणि त्यानंतर दर ९ फ्रेमना एक घर देतं. विसाव्या लेव्हलला २३ फ्रेममध्ये ठोकळा सात घरं खाली गेलेला असतो. रचना निम्म्या विहिरीपर्यंत आली असेल, तर नुसतं दाबून धरून दोन घरांपलीकडे जाणं अशक्य. मधोमध उगवलेला ठोकळा कडेला पोचवायचा तर प्रत्येक घरासाठी वेगळी टिचकी हवी. म्हणून वरच्या लेव्हलचा खेळाडू विहिरीचा मधला भाग बुटका ठेवतो आणि अंगठा टकटक चालवतो. कडेला जायला वाट हवी असेल, तर ती आधीच्या दहा ठोकळ्यांनी मोकळी ठेवलेली असावी लागते.

इतका दूरचा विचार का करायचा? उत्तर स्कोअरमध्ये आहे. एक ओळ पाडली तर ४० गुण, दोन एकदम पाडल्या तर १००, तीन ३००, आणि चार एकदम पाडल्या तर १२००. या आकड्यांना लेव्हलमध्ये एक मिळवून गुणायचं. नवव्या लेव्हलला चार ओळी सुट्या सुट्या पाडल्या तर १,६०० गुण होतात, एकत्र पाडल्या तर १२,०००. साडेसात पट फरक. चार ओळी एकदम पाडणारा आकार एकच: काठी. मग खेळणारा एका कडेचा स्तंभ रिकामा सोडतो, उरलेली नऊ घरं भरत वर चढतो आणि काठीची वाट पाहतो. रचना जितकी उंच तितकी कमाईची आशा जास्त, आणि मरण तितकंच जवळ. पाजितनोव यांचा मूळ खेळ नीटनेटकेपणाचा होता. या गुणपद्धतीने त्यात हाव आणली, आणि अठरा ओळींच्या विहिरीत हाव पोसायला जागा कमी असते. चार ओळी तर चौथाईच्या जवळपास जातात. वीस उंचीच्या विहिरीची सवय असलेला माणूस गेम बॉयवर पहिल्यांदा हरतो तो बहुधा इथेच.

काठी कधी येईल, याची हमी नाही. गेम बॉयच्या आत एक आकडा अखंड फिरत असतो. तो त्या क्षणी किती आहे त्यावरून ठोकळा निवडला जातो. तोच आकार फार वेळा लागोपाठ येऊ नये म्हणून एक जुजबी तपासणी आहे, बाकी सगळं नशिबावर. काठीचा दुष्काळ लांबला तर रिकामा स्तंभ बुजवून, थोडक्या गुणांवर भागवून जीव वाचवावा लागतो. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, हा निवाडा या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. पुढे २००० नंतरच्या अधिकृत टेट्रिसमध्ये सातही आकारांचा संच पिशवीतून काढावा तसे ठोकळे येऊ लागले. प्रत्येक सातांत काठी एकदा असतेच. खेळ त्यामुळे न्याय्य झाला, हे मान्य. पण दुष्काळात तग धरण्याची जी विद्या गेम बॉयने शिकवली, तिची गरज उरली नाही.

गणितज्ञांनाही या नशिबाने खुणावलं. हायडी बर्गिएल यांनी १९९७ साली दाखवून दिलं की दहा रुंदीच्या विहिरीत एस आणि झेड आलटून पालटून येत राहिले, तर जगातला कोणताही खेळाडू वाचू शकत नाही. पुढे एरिक डिमेन, सुझन होहेनबर्गर आणि डेव्हिड लिबेन-नोवेल यांनी सिद्ध केलं की येणाऱ्या सगळ्या ठोकळ्यांची यादी आधीच हातात दिली, तरी सर्वोत्तम खेळी शोधण्याचं गणित संगणकाला सर्वांत जड जाणाऱ्या कोड्यांच्या वर्गात मोडतं.

गेम बॉयवर दोन प्रकार होते. पहिल्यात मरेपर्यंत खेळायचं, दर दहा ओळींना लेव्हल चढते. एक लाख गुणांच्या पुढे गेलं की शेवटी पडद्यावर एक छोटं रॉकेट उडतं, आणखी गुण मिळाले तर मोठं. दुसऱ्यात २५ ओळी पाडल्या की जिंकलं, पण सुरुवातीलाच विहिरीत कचरा भरून घेता येतो, शून्य ते पाच अशा उंचीचा. नववी लेव्हल आणि पाचची उंची ही जोडी जमवणाऱ्याला रशियन वादक-नर्तकांनंतर बुरान हे सोव्हिएत अंतराळयान उडताना दिसतं. ज्यांना तेही पुरत नसे, त्यांच्यासाठी मुखपृष्ठावर खालची दिशा धरून स्टार्ट दाबण्याची गुप्त वाट होती. लेव्हलच्या आकड्याशेजारी बदामाचं चिन्ह येई आणि वेग दहा लेव्हल पुढचा मिळे. खेळ मध्येच थांबवला तर रचना झाकली जाते, म्हणजे थांबून विचार करायची पळवाट नाही. हा छोटासा प्रामाणिक नियम कोणा तरी विचारी माणसाने घातला असणार.

संगीत हिरोकाझू तनाका यांचं. तीन चालींतून निवड करता येई. त्यातली पहिली, ‘कोरोबेइनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातलं रशियन लोकगीत, जगभर टेट्रिसची ओळख बनली. जपानमध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत मात्र तिच्या जागी वेगळीच चाल होती.

दोन गेम बॉय तारेने जोडले की खेळाचा स्वभाव पालटे. एका बाजूला मारिओ, दुसरीकडे लुइजी, आणि दोघांना ठोकळे तेच, त्याच क्रमाने. नशिबाला दोष द्यायची सोय नाही. दोन ओळी पाडल्या तर समोरच्याच्या विहिरीत तळातून एक ओळ वर येते, तीन पाडल्या तर दोन, आणि चार पाडल्या तर पूर्ण चार. आधी ३० ओळी पाडणारा किंवा शेवटपर्यंत तगणारा जिंकतो. हाताने धरायच्या यंत्रावर समोरासमोर बसून लढण्याचा हा प्रकार तेव्हा नवा होता. त्याने गेम बॉयची जोडतार घराघरांत नेली, आणि पुढे पोकेमॉनला हीच तार उपयोगी पडली.

भारतात गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला. महाराष्ट्रातल्या मुलांना हा खेळ भेटला तो चिनी बनावटीच्या ब्रिक गेममधून. वेष्टनावर हजारो खेळ छापलेले, आत मूठभरच, आणि त्यातला पहिला हा. नव्वदच्या दशकात जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानांपासून रेल्वे स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांपर्यंत तो कुठेही मिळे. त्याच्या काचेवर ठोकळ्यांची घरं कायमची कोरलेली असत, दहा आडवी आणि वीस उभी. म्हणजे मॉस्कोची मूळ उंची तिथे परत आली. वळवायला मात्र एकच मोठं बटण आणि एकच दिशा. गेम बॉयवर एका टिचकीत होणारी गोष्ट ब्रिक गेमवर तीन टिचक्यांत करावी लागे, आणि इथल्या एका पिढीचा अंगठा त्या हिशेबाने तयार झाला.

गेम बॉयच्या टेट्रिसची आणखी एक उणीव सांगायलाच हवी. काडतुशीत आकडे जपून ठेवायला बॅटरी नव्हती. यंत्र बंद केलं की उच्चांक पुसला जाई. अमेरिकेतले खेळाडू मग पडद्याचा फोटो काढून ‘निन्टेन्डो पॉवर’ मासिकाकडे धाडत आणि मासिक नावांची यादी छापे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक हे अशांपैकी एक. आपलं नाव यादीत फार वेळा आल्यामुळे मासिकाने ते छापणं थांबवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही नावांची अक्षरं उलटी लिहून गुण पाठवले आणि ते छापूनही आले, असं त्यांनी सांगितलं आहे. रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी १९९३ साली आपला गेम बॉय टेट्रिससकट मीर स्थानकावर नेला. १९६ दिवस तो पृथ्वीभोवती फिरला. २०११ साली लिलावात तो १,२२० डॉलरला विकला गेला.

उच्चांक जपणारी काडतूस आली १९९८ साली, गेम बॉय कलरसाठीच्या टेट्रिस डीएक्समध्ये. त्यात ठोकळ्यांना रंग मिळाले आणि आत बॅटरी आली. पडदा मात्र तोच राहिला होता, १६० बाय १४४.